गेलेले नऊ किलो

अकरावीच्या रसायनशास्त्राचे पहिले प्रकरण मी गेली तेवीस वर्षे साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आहे आणि त्यातला द्रव्य अक्षय्यतेचा नियम फळ्यावर इतक्या वेळा लिहून झाला आहे की, लिहिताना आता हात थांबत नाही. गेल्या वर्षी तो नेहमीप्रमाणे लिहून मी वर्गाकडे वळले, तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, तुमचे वजन एवढे कमी झाले, मग ते गेले कुठे?" प्रश्नात आगाऊपणा नव्हता, खरे कुतूहल होते. साखर काठावर आल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यापासून दहा महिन्यांत मी ८१ किलोंवरून ७२ किलोंवर आले होते आणि मुलांच्या ते लक्षात आले होते. मी चटकन उत्तर दिले, "चरबी जळली, तिची ऊर्जा झाली." पुन्हा फळ्याकडे वळले, तर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते की, रासायनिक अभिक्रियेत द्रव्य निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. चरबी जळणे ही रासायनिक अभिक्रियाच आहे. म्हणजे मी दिलेले उत्तर फळ्यावरच्या वाक्याने दोन मिनिटांत खोटे ठरवले होते.

घरी आल्यावर मी हा हिशेब नीट मांडायला बसले, आणि मग कळले की, या प्रश्नावर अडखळणारी मी एकटी नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक अशा १५० जणांना विचारले की, वजन उतरते तेव्हा चरबी कुठे जाते. बहुसंख्य लोकांनी माझ्यासारखेच सांगितले की, तिची ऊर्जा किंवा उष्णता होते. काहींनी ती मलावाटे जाते असे सांगितले, काहींना तिचे स्नायू होतात असे वाटत होते.

ऊर्जा मिळते हे खरेच आहे. पण ती द्रव्य नाहीसे करून मिळत नाही, अणूंमधले बंध मोडून नवे, अधिक घट्ट बंध तयार झाले की मिळते. अणू सगळेच्या सगळे शिल्लक राहतात. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर साधारण नव्वद हजारांवर किलोकॅलरी बाहेर पडतात. आइनस्टाइनच्या सूत्राने एवढ्या ऊर्जेचे वस्तुमान काढले, तर ते चार-साडेचार मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे चांगल्या प्रयोगशाळेतल्या तराजूलाही ते सापडणार नाही. उलट दहा किलो द्रव्याची खरोखर ऊर्जा झाली असती, तर तो स्फोट आजवर चाचणी झालेल्या कुठल्याही अणुबॉम्बपेक्षा मोठा झाला असता.

मग अणू जातात कुठे? आपल्या शरीरातली साठवणीची चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. शेंगदाणा तेल, तूप, खोबरेल हे सगळे याच कुळातले आहेत. मानवी चरबीचा सरासरी रेणू घेतला, तर त्यात कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हा रेणू ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळला की फक्त दोनच पदार्थ उरतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. दहा किलो चरबी जाळायला २९ किलो ऑक्सिजन श्वासावाटे आत घ्यावा लागतो. त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होते. दोन्ही बाजूंना ३९ किलो. आणि खुद्द चरबीचे दहा किलो कसे वाटले गेले असे विचारले, तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर जातात आणि उरलेले १.६ किलो पाणी होऊन लघवी, घाम, उच्छ्वासातली वाफ, अश्रू अशा वाटांनी जातात. थोडक्यात, चरबी बाहेर टाकणारा आपला मुख्य अवयव फुप्फुस आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आणि इतकी वर्षे शिकवूनही हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, याचे मला मनापासून वाईट वाटले.

वाईट वाटण्याचे आणखी एक कारण आहे. द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपण ज्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएच्या नावाने शिकवतो, त्यानेच श्वासोच्छ्वास हे मंद ज्वलन आहे हेही दाखवले होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला हे त्यांनी मोजले आणि त्याची तुलना त्या प्राण्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडइतकाच वायू देणाऱ्या कोळशाच्या उष्णतेशी केली. पुढे सेगँ नावाच्या सहकाऱ्याने स्वतःच्या तोंडावर मुखवटा चढवून घेतला आणि उपाशीपोटी, जेवल्यावर, थंडीत, पायाने कष्ट करताना किती ऑक्सिजन लागतो हे मोजू दिले. या प्रयोगांची चित्रे लव्हॉझिएची पत्नी मारी-अ‍ॅन हिने काढली आहेत आणि त्यांत एका बाजूला टेबलाशी बसून नोंदी घेणारी स्त्री ती स्वतःच आहे. १७९४ मध्ये लव्हॉझिएचा गिलोटिनखाली अंत झाला. नियम आणि श्वास या दोन गोष्टी त्याने एकाच आयुष्यात हातात हात घालून उभ्या केल्या होत्या. आपण त्यांतली एक रसायनशास्त्राच्या पुस्तकात आणि दुसरी जीवशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिली, म्हणून त्या मुलीला उत्तर देताना मला त्या एकत्र आठवल्या नाहीत.

आपल्या भाषेनेही या बाबतीत जरा घोटाळा करून ठेवला आहे. चरबी वितळते, चरबी झडते, घाम गाळला की वजन उतरते, असे आपण सहज म्हणतो. वितळणे हा शब्द स्वयंपाकघरातून आला असावा, कारण थिजलेले तूप कढईत टाकले की पातळ होताना आपण रोज पाहतो. पण माणसाची चरबी शरीराच्या तापमानाला मुळातच तेलासारखी पातळ असते. मेदपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जवळजवळ सगळी पेशी तेलाच्या एकाच मोठ्या थेंबाने भरलेली दिसते आणि बिचारे केंद्रक कडेला, भिंतीशी चेपलेले असते. तेव्हा गरम पाणी, लिंबू-मध किंवा गरम पट्टे यांनी वितळण्याजोगे तिथे काही शिल्लकच नसते. माझ्या नात्यातल्या एका तरुणाला व्यायामशाळेत पोटाला प्लास्टिकचा कागद गुंडाळून पळायला सांगितले होते. तासाभराने काट्यावर दीड किलो कमी दिसले आणि त्याला फार आनंद झाला. ते दीड किलो पाणी होते. घरी येऊन तांब्याभर पाणी आणि दोन ग्लास ताक पोटात गेल्यावर त्यातले बरेचसे परत आले. उन्हाळ्याच्या दिवसांत हा प्रकार धोक्याचाही आहे, म्हणून तो करू नये असे मी इथे स्पष्टपणे लिहिते.

खरी वाट लांब आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जेवल्यानंतर रक्तात इन्सुलिन वाढलेले असते, तोवर मेदपेशीचे दार आतल्या बाजूने बंद असते, म्हणजे साठवण चालू आणि उचल थांबलेली. दोन जेवणांच्या मधल्या काळात, रात्रीच्या झोपेत किंवा चालताना इन्सुलिन खाली येते, अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके पुढे होतात आणि लायपेज नावाची विकरे ट्रायग्लिसराइडचे तुकडे करतात. ग्लिसरॉल वेगळे होऊन यकृताकडे जाते. मेदाम्ले पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायूंपर्यंत आणि हृदयापर्यंत पोचतात. तिथे पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) त्यांच्या साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात आणि ते तुकडे क्रेब्ज चक्र या अभिक्रियांच्या मालिकेत शिरले की एकेक कार्बन ऑक्सिजनशी जोडला जाऊन बाहेर पडतो. तो कार्बन डायऑक्साइड रक्तातून, मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात, फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत येतो आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर जातो. पोटावरची चरबी पोटाचेच व्यायाम करून का उतरवता येत नाही, तेही यातून कळते. उचल रक्ताच्या मार्गाने होते आणि कुठल्या कोठारातून किती माल निघायचा, हे हाललेला स्नायू ठरवत नाही.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोनदा जेवण्याच्या पद्धतीमुळे इन्सुलिन हा शब्द गेल्या काही वर्षांत घराघरांत पोचला. कुणाला ती पद्धत मानवते, कुणाला तीन वेळा थोडे थोडे खाणे मानवते. मी स्वतः रात्रीचे जेवण आठच्या आत घेतले, तळण आठवड्यातून एकदाच ठेवले आणि तेल मोजून वापरायला लागले. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असे, ते तीन लिटरवर आले. एका मोठ्या चमच्यात चौदा ग्रॅमच्या आसपास तेल मावते आणि त्यात सव्वाशे किलोकॅलरी असतात, हे फोडणीच्या कढईवर तेलाची बरणी तिरकी करताना पूर्वी कधी मनात येत नसे. पद्धत कोणतीही असली तरी शेवटचा हिशेब एकच राहतो. श्वासावाटे बाहेर जाणारा कार्बन ताटातून आत येणाऱ्या कार्बनपेक्षा जास्त असला पाहिजे.

हा हिशेब स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची इच्छा झाली, म्हणून एका रात्री साडेदहा वाजता, झोपण्याच्या कपड्यांत, मी काट्यावर उभी राहिले. ७४.६ किलो. सकाळी सहाला, काही खाण्यापिण्याआधी आणि न्हाणीघरात जाण्याआधी, त्याच कपड्यांत पुन्हा उभी राहिले. ७४.२. रात्रभर मी अंथरुणातून उठलेही नव्हते आणि चारशे ग्रॅम नाहीसे झाले होते. त्यातले बहुतेक उच्छ्वासातली वाफ आणि त्वचेतून नकळत उडालेले पाणी होते. इटलीतल्या पादुआचा वैद्य सान्तोरिओ याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचे वजन करत हेच न दिसणारे बाष्प मोजले आणि १६१४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पण कार्बनचे काय असते हे त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. मीरमन आणि ब्राऊन यांच्या हिशेबाने सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या श्वासावाटे, फारशी हालचाल न करताही, दिवसाला सुमारे २०० ग्रॅम कार्बन बाहेर जातो आणि त्यातला एक तृतीयांश आठ तासांच्या झोपेत जातो. म्हणजे माझ्या त्या चारशे ग्रॅममध्ये साठ-सत्तर ग्रॅम कार्बन होता, एका मुठीत मावेल एवढा कोळसा. तो सगळाच चरबीतून आलेला नव्हता, रात्रीच्या भाकरीतला काही होता. तरीही त्या सकाळी काट्याकडे पाहताना मला जे वाटले, ते प्रयोगवहीत आकडे जुळल्यावर वाटते तसे होते.

हे सांगितल्यावर माझ्या शेजारच्या काकूंनी विचारले की, मग जोरजोरात श्वास सोडला तर लवकर बारीक होता येईल का. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, कारण कपालभातीने पोट जाते असे आपण ऐकत आलो आहोत. उत्तर नाही असे आहे. श्वास हे जाण्याचे दार आहे, पण दार जोरात उघडझाप केल्याने घरातले सामान कमी होत नाही, सामान कुणीतरी उचलून दारापर्यंत आणावे लागते. गरज नसताना भराभर श्वास सोडला तर रक्तातला तयार कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात. चरबीतला कार्बन सुटा होण्यासाठी स्नायूंनी तो जाळावा लागतो. प्राणायामाचे इतर लाभ आहेत आणि मी तो रोज करते, पण वजनासाठी नाही.

व्यायामाचा आकडा पाहून प्रथम मी थोडी निराश झाले होते. एक तास स्वस्थ बसण्याऐवजी एक तास धावले, तर जास्तीचा कार्बन जातो ३९ ग्रॅम. हे दिवसाच्या दोनशे ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याइतके आहे आणि शंभर ग्रॅमच्या एका गोड मफिनने ते भरून निघते. सातारकराच्या दृष्टीने मफिनच्या जागी कंदी पेढे समजावेत. अजिंक्यताऱ्यावर घाम गाळून आल्यावर खाली उतरून चार पेढे खाल्ले की वर केलेले बरेचसे काम परत जमा होते. म्हणून चालणे सोडावे असे मात्र मी म्हणणार नाही. चालण्याने साखर आटोक्यात राहते, स्नायू टिकतात आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू कमी होत असतात, हे आमच्या वयाच्या बायकांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. माझ्या नऊ किलोंतही सगळी चरबी नव्हती. पहिल्या पंधरा दिवसांत झरकन गेलेले दोन किलो बहुतेक पाणीच होते, कारण यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठते तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि आहार कमी केला की दोन्ही एकदम जातात. पुढे वेग मंदावतो तेव्हा लोक हिंमत सोडतात. खरे तर चरबीचे काम तेव्हा कुठे सुरू झालेले असते.

चरबी गेली तरी तिची कोठारे जात नाहीत, हे मला सगळ्यांत उशिरा कळले आणि सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मेदपेशींचे वय मोजले. त्यासाठी त्यांनी वापरलेली खूण विलक्षण होती. १९५० च्या दशकापासून १९६३ च्या बंदी करारापर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार वाढला, मग तो हळूहळू कमी होत गेला आणि अन्नातून सगळ्या माणसांच्या पेशींत उतरला. पेशीच्या डीएनएतले त्याचे प्रमाण पाहून ती कधी जन्मली हे सांगता येते. त्यांना दिसले की, प्रौढ माणसाच्या मेदपेशींपैकी दर वर्षी सुमारे दहा टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात, त्यामुळे एकूण संख्या जवळपास स्थिर राहते. शस्त्रक्रिया करून पुष्कळ वजन उतरवलेल्या लोकांतही दोन वर्षांनंतर पेशींची संख्या तेवढीच होती, प्रत्येक पेशी फक्त लहान झाली होती. आणि रिकाम्या झालेल्या पेशी गप्प बसत नाहीत. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशीच तयार करतात. पेशी आक्रसल्या की ते कमी होते आणि मेंदूला साठा संपत आल्याचा निरोप जाऊन भूक वाढते. उतरलेले वजन परत चढले की आपल्याकडे त्या माणसाच्या, विशेषतः बाईच्या, जिभेला दोष दिला जातो. तो दोष देणाऱ्यांनी हा निरोप कुठून निघतो ते एकदा जाणून घ्यावे, असे मला फार वाटते.

आपल्या भागातली एक गोष्टही सांगितली पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास करताना याज्ञिक यांच्या गटाला हेच दिसले होते. ती बाळे सरासरी २.७ किलोंची होती आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण पुण्याच्या बाळांच्या बाकी सगळ्या मापांत जेवढी घट होती, तेवढी पाठीवरच्या चरबीच्या घडीत नव्हती. म्हणून भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात आणि कमरेचा घेर बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. दिसायला सडपातळ असलेल्या माझ्या धाकट्या भावाला मधुमेह झाला, तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसला नव्हता. त्या छायाचित्रानंतर माझा बसला.

डिसेंबरमध्ये सकाळी मी अजिंक्यताऱ्याचा चढ चढते, तेव्हा तोंडातून वाफ दिसते. दिसते ते पाणी असते, कार्बन त्याच्याबरोबर न दिसता जातो. एवढी माणसे श्वास सोडतात तर हवामान बदलात त्याचाही वाटा असेल का, असे कुणी विचारते. पण हा कार्बन जमिनीखालून काढलेला नाही. तो मागच्या एक-दोन हंगामांत भुईमुगाने, ज्वारीने, गाय-म्हशींच्या वैरणीने हवेतूनच घेतलेला असतो, चरबीतला फार तर काही वर्षे आधीचा, आणि तो परत हवेत जातो.

त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितले की, काल दिलेले उत्तर चुकीचे होते. मग फळ्यावर चरबीचा रेणू लिहिला, बाणाच्या पलीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी लिहिले आणि समीकरण संतुलित करायला तिलाच पुढे बोलावले. तिने ५५ आणि ५२ लगेच लिहिले. ऑक्सिजनपाशी ती थोडा वेळ थांबली, फळ्याच्या कोपऱ्यात ११० आणि ५२ यांची बेरीज केली, त्यातून रेणूतले ६ वजा केले, १५६ चे निम्मे केले आणि बाणाच्या डाव्या बाजूला, ऑक्सिजनच्या आधी, ठळक अक्षरात ७८ लिहिले.